एएम रेडिओ प्रक्षेपण सामग्री

एएम रेडिओ प्रक्षेपण सामग्री म्हणजे परमप्रसर विरूपण (एएम) पद्धतीने ध्वनिकार्यक्रम प्रसारित करण्यासाठी लागणारी यंत्रे, उपकरणे व बांधकामे यांचा समुच्चय होय. ध्वनिसंस्कारक, स्टुडिओ ते प्रक्षेपक जोडणी, प्रक्षेपक (ट्रान्समीटर), अँटेना जुळवणी संच, मनोरा आणि जमिनीत पुरलेले तांब्याच्या तारांचे जाळे हे तिचे मुख्य घटक आहेत. मध्यम लहरी (मीडियम वेव्ह), लघुलहरी (शॉर्ट वेव्ह) व दीर्घलहरी (लाँग वेव्ह) या तीनही पट्ट्यांवरील प्रसारणासाठी अशी सामग्री वापरली जाते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने मध्यम लहरींवरील अनुरूप (अ‍ॅनालॉग) व अंकीय (डिजिटल) सामग्रीचा आणि तिच्या उपलब्धतेचा विचार केला आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ही सामग्री अनेक देशांत तयार होत असे. युरोपातील बहुसंख्य मध्यम लहरी केंद्रे बंद झाल्यामुळे आणि श्रोते एफएम व इंटरनेटकडे वळल्यामुळे तिची बाजारपेठ आक्रसली आहे. नवे प्रक्षेपक आजही मिळतात. मात्र उत्पादक मोजके उरले असून जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळवणे हा चालू केंद्रांपुढील मुख्य प्रश्न झाला आहे.

तांत्रिक पार्श्वभूमी

परमप्रसर विरूपणात ठरावीक वारंवारतेच्या वाहक लहरीची उंची (परमप्रसर) ध्वनिसंकेताच्या चढउताराप्रमाणे कमीजास्त केली जाते. त्यामुळे वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना पार्श्वपट्टे निर्माण होतात व प्रत्यक्ष माहिती त्यांतच असते. वाहक लहर स्वतः कोणतीही माहिती वाहून नेत नाही, तरीही सर्वाधिक शक्ती तीच घेते. शुद्ध स्वराने १०० टक्के विरूपण केल्यास पार्श्वपट्ट्यांची एकत्रित शक्ती वाहक लहरीच्या निम्मी असते आणि शिखरक्षणीची शक्ती वाहक लहरीच्या चौपट होते. म्हणजेच १० किलोवॅटचा म्हणून ओळखला जाणारा प्रक्षेपक अशा वेळी सरासरी १५ किलोवॅट व शिखरक्षणी ४० किलोवॅट शक्ती देऊ शकला पाहिजे. प्रक्षेपक, तारवाहिन्या व अँटेना यांची रचना या शिखरशक्तीनुसार करावी लागते आणि ही सामग्री अवजड व महाग असण्याचे ते एक कारण आहे.

युरोप, आफ्रिका व आशिया खंडांत मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १,६०२ किलोहर्ट्‌झ असा असून दोन वाहिन्यांमध्ये ९ किलोहर्ट्‌झचे अंतर असते. ही व्यवस्था १९७५ च्या जिनिव्हा परिषदेत ठरली व नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आली. अमेरिका खंडात हे अंतर १० किलोहर्ट्‌झ आहे. त्यामुळे एका खंडासाठी बनवलेला प्रक्षेपक दुसऱ्या खंडात नेताना त्याची वारंवारता, गाळण्या व जुळवणी मंडले बदलावी लागतात.

दिवसा मध्यम लहरी जमिनीलगत प्रवास करतात. सूर्यास्तानंतर आयनांबरातील ‘डी’ हा शोषक थर विरून जातो व वरच्या थरांवरून परावर्तित झालेल्या लहरी शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात. एकाच प्रक्षेपकाने मोठा प्रदेश व्यापता येतो तो या गुणांमुळे. रात्री दूरच्या केंद्रांचा परस्परांना होणारा अडथळाही त्यांतूनच उद्भवतो.

इतिहास

रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी डिसेंबर १९०० मध्ये अमेरिकेतील मेरिलँड राज्यात बिनतारी पद्धतीने मानवी आवाज पाठवण्याचा प्रयोग केला. आरंभीचे प्रक्षेपक ठिणगी, विद्युत्‌ कमान किंवा उच्च वारंवारतेचे जनित्र यांवर चालत. ली डी फॉरेस्ट यांनी शोधलेल्या त्रिप्रस्थ निर्वात नलिकेमुळे (व्हॉल्व्ह) स्थिर वाहक लहर निर्माण करणे व तिचे विवर्धन करणे सुकर झाले. नोव्हेंबर १९२० मध्ये पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्राचे नियमित प्रसारण सुरू झाले आणि अल्पावधीत प्रक्षेपक बांधणी हा स्वतंत्र उद्योग बनला.

सुरुवातीच्या काळात वेस्टर्न इलेक्ट्रिक, आरसीए, मार्कोनी व टेलिफुंकन या कंपन्या अग्रेसर होत्या. अमेरिकेतील क्विन्सी शहरात १९२२ साली स्थापन झालेली गेट्स कंपनी पुढे हॅरिस या नावाने व त्यानंतर गेट्सएअर या नावाने ओळखली गेली. बेल प्रयोगशाळेतील विल्यम डोहर्टी यांनी १९३६ साली मांडलेल्या विवर्धक मंडलामुळे मोठ्या प्रक्षेपकांच्या वीजखर्चात लक्षणीय बचत झाली. हेच मंडल आज मोबाइल दूरध्वनीच्या मनोऱ्यांवरील विवर्धकांतही वापरले जाते.

प्रक्षेपण केंद्रातील घटक

ध्वनिसंस्कारक: स्टुडिओतून आलेल्या ध्वनीची पातळी सतत बदलत असते. ती समतोल राखणे, शिखरे मर्यादित करणे व ठरवून दिलेल्या पट्ट्याबाहेरील उच्च स्वर गाळणे ही कामे ध्वनिसंस्कारक करतो. वाहक लहर पूर्णपणे शून्यावर आणणाऱ्या ऋण शिखरांमुळे विकृती निर्माण होते व शेजारच्या वाहिन्यांवर खरखर उमटते. म्हणून ऋण दिशेने १०० टक्क्यांची मर्यादा कटाक्षाने पाळली जाते. धन दिशेने मात्र अमेरिकेत १२५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे.

स्टुडिओ ते प्रक्षेपक जोडणी: स्टुडिओ शहरात व प्रक्षेपक गावाबाहेरच्या मोकळ्या, ओलसर जमिनीवर अशी सर्वसाधारण रचना असते. पूर्वी दूरध्वनीच्या खास तारा, नंतर सूक्ष्मलहरी दुवे आणि आता इंटरनेटवर आधारित संकेतक यंत्रे हे काम करतात. संपूर्ण साखळीत ही सामग्री सर्वांत सहज उपलब्ध आहे. कारण एफएम व दूरचित्रवाणी केंद्रांनाही तीच लागते.

मनोरा व भूजाल: मध्यम लहरींच्या केंद्रात मनोऱ्यावर वेगळी अँटेना बसवलेली नसते, संपूर्ण लोखंडी मनोराच अँटेना असतो. तो चिनी मातीच्या विद्युत्‌रोधकावर उभा केलेला असतो व त्याचे ताणही रोधकांनी तुकड्यातुकड्यांत विभागलेले असतात. त्याची उंची साधारणपणे तरंगलांबीच्या एक चतुर्थांश किंवा त्याहून अधिक ठेवतात. मनोऱ्याच्या पायथ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे तांब्याच्या तारा जमिनीत पुरतात. ब्राउन, लुईस व एप्स्टाइन यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनंतर पाव तरंगलांबीच्या १२० तारा हे प्रमाण मानले गेले. या जाळ्याला कित्येक एकर जमीन लागते. शहरे वाढल्यावर अशा जमिनींचे मोल प्रक्षेपणाच्या उपयोगापेक्षा कितीतरी अधिक झाले आणि जगभरातील अनेक केंद्रे बंद होण्यास हेही एक कारण ठरले. पुरलेल्या तांब्याची चोरी ही अशा केंद्रांची नित्याची डोकेदुखी आहे.

जुळवणी संच व संरक्षण: प्रक्षेपकाची शक्ती परत न फिरता मनोऱ्यात उतरावी यासाठी वेटोळी व धारित्रे यांचा जुळवणी संच मनोऱ्याच्या पायथ्याशी असतो. विजेपासून संरक्षणासाठी पायथ्याशी ठिणगी-फट ठेवतात. चाचणीसाठी खोटा भार (डमी लोड), विरूपणमापक व वारंवारतामापक ही उपकरणेही आवश्यक असतात.

प्रक्षेपकांचे प्रकार

निर्वात नलिकांचे प्रक्षेपक: या प्रकारात वाहक लहरीचे अंतिम विवर्धन मोठ्या नलिकेत होते व ध्वनिसंकेत शक्तिशाली विवर्धकातून रोहित्रामार्फत तिच्या पट्टिकेला दिला जातो. पूर्ण विरूपणासाठी अंतिम टप्प्याला मिळणाऱ्या एकदिश शक्तीच्या निम्मी ध्वनिशक्ती लागते. म्हणून मोठ्या प्रक्षेपकातील विरूपक विभाग हेच एक अवाढव्य यंत्र असते. नलिकांना हजारो व्होल्ट दाब, तापवण्यासाठी स्वतंत्र वीज आणि हवेने, पाण्याने किंवा वाफेने शीतन आवश्यक असते. मात्र विजेचे क्षणिक धक्के त्या बऱ्याच प्रमाणात सोसतात.

स्पंद-रुंदी विरूपणाचे प्रक्षेपक: १९७० च्या दशकात ध्वनिसंकेताचे वेगवान स्पंदांत रूपांतर करून नलिका केवळ चालू-बंद करण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे अवजड विरूपण रोहित्राची गरज उरली नाही व कार्यक्षमता वाढली.

घनावस्था प्रक्षेपक: कॅनडातील नॉटेल (स्थापना १९६९) व अन्य कंपन्यांनी १९८० च्या दशकात नलिकांऐवजी अनेक लहान ट्रान्झिस्टर संचांची शक्ती एकत्र करणारे प्रक्षेपक बाजारात आणले. एखादा संच निकामी झाला तरी शक्ती किंचित घटते, प्रसारण थांबत नाही. आधुनिक घनावस्था प्रक्षेपकांची कार्यक्षमता ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास असते.

अंकीय विरूपण करणारे प्रक्षेपक: हॅरिस कंपनीतील हिल्मर स्वान्सन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत ध्वनिसंकेताचे आकड्यांत रूपांतर होते आणि त्या क्षणी किती ट्रान्झिस्टर संच चालू ठेवायचे हे तो आकडा ठरवतो. या संचांच्या बेरजेतून विरूपित लहर तयार होते. हॅरिसची ‘डीएक्स’ मालिका या तत्त्वावर आधारलेली होती.

‘अंकीय’ या शब्दाचे दोन अर्थ

एएम सामग्रीच्या संदर्भात ‘अंकीय’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो व त्यातून अनेकदा गोंधळ होतो. अंकीय विरूपण करणाऱ्या प्रक्षेपकात आतील प्रक्रिया अंकीय असली, तरी बाहेर पडणारी लहर नेहमीची अनुरूप एएम लहरच असते. ती कोणत्याही जुन्या ट्रान्झिस्टर संचावर ऐकता येते. याउलट अंकीय प्रसारणात लहरीतून आकडेच पाठवले जातात व ते ऐकण्यासाठी वेगळा रेडिओ संच लागतो. म्हणून ‘डिजिटल एएम ट्रान्समीटर’ या नावाने विकले जाणारे प्रत्येक यंत्र अंकीय प्रसारणासाठी सिद्ध असेलच असे नाही.

अंकीय प्रसारणाच्या पद्धती

डीआरएम: डिजिटल रेडिओ मोंडिआल (डीआरएम) या संघटनेची स्थापना १९९८ साली चीनमधील ग्वांगझौ येथे झाली. या पद्धतीचे नियमित प्रसारण जून २००३ मध्ये सुरू झाले. हे खुले मानक असून त्यात ध्वनी संक्षिप्त करून अनेक उपवाहक लहरींवर विभागून पाठवला जातो. ९ किंवा १० किलोहर्ट्‌झच्या एका वाहिनीत सुमारे २० किलोबिट प्रतिसेकंद माहिती पाठवता येते. एवढ्या माहितीत एफएमच्या जवळ जाणारा ध्वनी व थोडा मजकूर सामावतो. शेजारची वाहिनी मोकळी असल्यास अनुरूप व अंकीय प्रसारण एकाच प्रक्षेपकावरून एकाच वेळी करता येते.

एचडी रेडिओ: अमेरिकेत ही खासगी मालकीची पद्धत रूढ आहे. तिच्या संमिश्र प्रकारात अनुरूप लहरीच्या दोन्ही बाजूंना अंकीय संकेत जोडले जातात. पूर्णतः अंकीय एएम प्रसारणास तेथील संघराज्य दळणवळण आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये परवानगी दिली.

जुन्या प्रक्षेपकाचे रूपांतर: अंकीय प्रसारणात लहरीच्या उंचीबरोबर तिची कलाही अचूक सांभाळावी लागते. त्यामुळे विरूपण रोहित्र असलेला जुना नलिका प्रक्षेपक या कामी सहसा उपयोगी पडत नाही. स्पंद-रुंदी किंवा अंकीय विरूपणाचे घनावस्था प्रक्षेपक मात्र नवा उद्दीपक (एक्सायटर) व संकेतन संगणक जोडून बदलता येतात. मनोरा व जुळवणी संच पुरेसा रुंद पट्टा हाताळू शकत नसतील, तर त्यांतही बदल करणे भाग पडते.

उपलब्धता

नवे प्रक्षेपक: काही वॅटपासून १,००० किलोवॅटहून अधिक शक्तीपर्यंतचे घनावस्था प्रक्षेपक मागणीनुसार बांधून मिळतात. नॉटेलने हंगेरीतील सॉल्ट येथील ५४० किलोहर्ट्‌झच्या केंद्रासाठी २,००० किलोवॅटचा प्रक्षेपक पुरवला आहे. अमेरिकेतील काँटिनेंटल व ब्रॉडकास्ट इलेक्ट्रॉनिक्स आणि युरोपातील थॉमसन व ट्रान्सरेडिओ (पूर्वीची टेलिफुंकनची शाखा) ही या क्षेत्रातील अन्य परिचित नावे आहेत. मात्र गेल्या काही दशकांत या उद्योगात विलीनीकरणे, मालकीबदल व उत्पादन बंद होण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. खरेदीदारास यंत्राच्या किमतीइतकाच पुढील वीस वर्षे सुटे भाग मिळतील का, याचा विचार करावा लागतो.

जुने प्रक्षेपक: जर्मनी व फ्रान्समधील सार्वजनिक प्रसारकांनी २०१५ च्या अखेरीस मध्यम लहरींवरील सेवा थांबवली. आयर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने आपले दीर्घलहरी प्रसारण एप्रिल २०२३ मध्ये बंद केले. बंद केंद्रांतील यंत्रे दुय्यम बाजारात येतात. पण त्यांचे स्थलांतर, नव्या वारंवारतेवर जुळवणी व मूळ नकाशांची उपलब्धता यांवर खरा खर्च अवलंबून असतो. पुष्कळदा अशी यंत्रे चालवण्यासाठी नव्हे, तर सुट्या भागांसाठीच घेतली जातात.

सुटे भाग: मोठ्या नलिकांचे उत्पादक जगात अगदी थोडे उरले आहेत. वापरलेल्या नलिका उघडून नवा तंतू बसवून देण्याची सेवा अमेरिकेत उपलब्ध आहे. जुन्या घनावस्था प्रक्षेपकांची अडचण निराळी आहे. त्यांतील विशिष्ट ट्रान्झिस्टर व संकलित मंडले यांचे उत्पादन थांबल्यास पर्यायी भाग वापरून संपूर्ण संचाची पुन्हा चाचणी घ्यावी लागते. मनोऱ्याचे पायथा-रोधक, निर्वात धारित्रे व अभ्रकाची उच्चदाब धारित्रे यांसाठीही दीर्घकाळ वाट पाहावी लागते. याखेरीज कुशल तंत्रज्ञांची उणीव ही भागांच्या टंचाईइतकीच गंभीर बाब आहे.

वीजबचतीची साधने: ध्वनीच्या पातळीनुसार वाहक लहरीची शक्ती कमीजास्त करण्याची सोय बहुतेक नव्या प्रक्षेपकांत अंतर्भूत असते. ऐकणाऱ्यास फरक न जाणवता विजेची लक्षणीय बचत होत असल्याने अमेरिकेत २०११ पासून तिला मुभा देण्यात आली आहे.

अल्पशक्ती साधने: अमेरिकेत १०० मिलिवॅटपर्यंतचे एएम प्रक्षेपक विशिष्ट अटींवर विनापरवाना वापरता येतात; त्यामुळे शाळा व हौशी मंडळींसाठी असे तयार संच तेथे विकत मिळतात.

भारतातील स्थिती

जून १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने मुंबईत प्रसारण केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व कोलकाता केंद्र २६ ऑगस्ट १९२७ रोजी सुरू झाले. दोन्ही ठिकाणचे प्रक्षेपक प्रत्येकी १.५ किलोवॅटचे होते. कंपनी बंद पडल्यावर १९३० साली सरकारने ही सेवा ताब्यात घेतली व जून १९३६ मध्ये तिला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले.

सुरुवातीची सर्व सामग्री परदेशी होती. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड (बीईएल) या सार्वजनिक कंपनीने मध्यम लहरी प्रक्षेपकांची व प्रक्षेपण नलिकांची निर्मिती हाती घेतली. तिचे १ किलोवॅटपासून १०० किलोवॅटपर्यंतचे प्रक्षेपक आकाशवाणीच्या अनेक केंद्रांवर दीर्घकाळ चालले. राजकोट व चिनसुरा येथे १,००० किलोवॅटचे प्रक्षेपक शेजारी देशांसाठीच्या सेवांकरिता उभारण्यात आले, तर नागपूर येथील तेवढ्याच शक्तीच्या प्रक्षेपकावरून १९८८ साली राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली.

पुढे आकाशवाणीने डीआरएमचा स्वीकार केला व सुमारे ३५ मध्यम लहरी प्रक्षेपक या पद्धतीसाठी सज्ज केले. प्रक्षेपकांची बाजू अशा रीतीने मजबूत झाली. परंतु स्वस्त ग्राही संच मोठ्या प्रमाणावर बाजारात न आल्याने श्रोत्यांची बाजू लंगडी राहिली. काही नव्या मोटारींत डीआरएम ग्राही बसवलेले असले, तरी घरगुती संच तुलनेने महाग व दुर्मीळ आहेत. दरम्यान अनेक केंद्रांवरील जुने अनुरूप प्रक्षेपक बंद करून कार्यक्रम एफएमवर नेण्यात आले.

भारतात खासगी व सामुदायिक केंद्रांना केवळ एफएम पट्ट्यावर परवाना मिळतो. मध्यम लहरींवरील प्रसारण प्रसार भारतीकडेच असल्याने अशा सामग्रीचा देशांतर्गत खरेदीदार जवळजवळ एकच आहे. परिणामी उत्पादकांना सातत्यपूर्ण मागणी मिळत नाही व सुट्या भागांची स्वतंत्र बाजारपेठ निर्माण होत नाही.

महाराष्ट्र व गोवा

या दोन राज्यांतील आकाशवाणी केंद्रांना दीर्घकाळ नेमून दिलेल्या काही वारंवारता व त्यांनुसार गणिताने येणारी पाव तरंगलांबी पुढीलप्रमाणे आहे. मनोऱ्याची प्रत्यक्ष उंची याहून कमीअधिक असू शकते.

• मुंबई (अस्मिता वाहिनी) – ५५८ किलोहर्ट्‌झ – सुमारे १३४ मीटर
• नागपूर – ५८५ किलोहर्ट्‌झ – सुमारे १२८ मीटर
• पुणे – ७९२ किलोहर्ट्‌झ – सुमारे ९५ मीटर
• रत्नागिरी – १,१४३ किलोहर्ट्‌झ – सुमारे ६६ मीटर
• पणजी – १,२८७ किलोहर्ट्‌झ – सुमारे ५८ मीटर
• सोलापूर – १,६०२ किलोहर्ट्‌झ – सुमारे ४७ मीटर

या आकड्यांवरून वारंवारता जितकी कमी तितका मनोरा उंच व जमिनीची गरज अधिक हे स्पष्ट होते. सह्याद्रीच्या रांगांमुळे कोकणात एफएमच्या सरळ रेषेत जाणाऱ्या लहरी दऱ्याखोऱ्यांतील गावांपर्यंत पोहोचण्यास अडथळा येतो. मध्यम लहरी भूपृष्ठालगत जात असल्याने अशा भागांत व किनाऱ्यालगतच्या समुद्रात त्या अधिक दूरवर ऐकू येतात.

महत्त्व व मर्यादा

चक्रीवादळ, पूर किंवा भूकंपात मोबाइलचे मनोरे व वीजपुरवठा ठप्प झाला, तरी जनित्रावर चालणारे एक एएम केंद्र शेकडो किलोमीटरच्या परिघात सूचना देऊ शकते आणि ती ऐकण्यासाठी दोन सेलवर चालणारा साधा संच पुरतो. एएमचे समर्थक याच मुद्द्यावर भर देतात. विद्युत्‌ मोटारींतून एएम रेडिओ वगळला जाऊ लागल्यानंतर अमेरिकेच्या संसदेत २०२३ साली प्रत्येक मोटारीत तो सक्तीचा करणारे विधेयक मांडले गेले, त्यामागेही हीच भूमिका होती.

दुसरीकडे एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सौरविजेचे परिवर्तक व विद्युत्‌ मोटारी यांतून निर्माण होणाऱ्या विद्युत्‌ गोंगाटामुळे शहरांत एएम ऐकणे उत्तरोत्तर कठीण होत आहे. प्रक्षेपकाची शक्ती वाढवून हा गोंगाट पूर्णपणे दबत नाही. मोठे केंद्र एकदा मोडीत काढले, मनोरा उतरवला व जमीन विकली गेली, की ते पुन्हा उभारणे व्यवहारात जवळजवळ अशक्य असते. म्हणून काही तज्ज्ञांच्या मते निदान निवडक केंद्रे राखीव स्थितीत चालू ठेवावीत व त्यांच्यासाठी सुट्या भागांचा साठा आणि प्रशिक्षित मनुष्यबळ जपावे.

हेही पहा

• आकाशवाणी
• प्रसार भारती
• परमप्रसर विरूपण
• डिजिटल रेडिओ मोंडिआल
• निर्वात नलिका
• आयनांबर